चष्मेवाल्यानं फेकलेले कांदे

मावशीच्या स्वयंपाकघराचे पडदे धुण्यात ठकीची अख्खी सकाळ गेली होती. तीनदा पाणी काळं निघालं, तेव्हा कुठे पडद्यांवर निळी नक्षी आहे हे कळलं. दोरीवर वाळत घालून, चिमटे लावून, कमरेवर हात ठेवून ती कौतुकानं बघत उभी राहते न राहते तोच वरून... फच्च!

काळ्या, कुजक्या पाचोळ्याचा हा एवढा लगदा निळ्या नक्षीच्या बरोबर मधोमध येऊन बसला.

"अहो! डोळे फुटले का तुमचे?"

आता ठकीचा आवाज म्हणजे काय सांगावं! ती पोहायला शिकवायची. तलावाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाला बुडणाऱ्याला ऐकू जाईल असा आवाज तिनं वर्षानुवर्षं कमावलेला. तो कानावर आदळताच शेजारच्या भिंतीला लावलेली शिडी डुगडुगली आणि शिडीवरच्या माणसानं छपराच्या पन्हळीला घट्ट मिठी मारली.

"ओरडू नका हो! पडेन ना मी!"

"खुशाल पडा! फक्त पडद्यांवर नको!"

तो सावकाश, एकेक पायरी चाचपडत खाली उतरला. उंच, किडकिडीत. कोपरापर्यंत चिखल, केसात काड्या आणि चष्म्याच्या दोन्ही काचा काळ्या मिट्ट. त्यानं शर्टाच्या टोकानं काचा पुसायला घेतल्या, पण शर्टच इतका बरबटलेला की काचा होत्या त्याहून घाण झाल्या.

"माफ करा," तो अंदाजानंच एका झुडपाकडे बघत म्हणाला. "मला खरंच दिसलं नाही."

"ते दिसतंच आहे. मी इकडे आहे!"

"आणि... हसू नका, पण माझं चष्म्याचं दुकान आहे."

हसू नका म्हटल्यावर कोण थांबतंय? सकाळपासून घासून घासून वैतागलेली ठकी पोट धरधरून हसली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. आणि समोरचा माणूस आंधळ्यासारखा उभा राहून, आपल्यालाच हसतंय कुणीतरी हे माहीत असूनही, तिच्याबरोबर हसत होता. हे तिला आवडलं. आवडलं हे मात्र तिनं तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. दोन्ही घरं जुळी, मधे एकच भिंत, वर एकच पन्हळ. पन्हळीत पानं पडायची मावशीच्या सफरचंदाच्या झाडाची, आणि पाणी तुंबून गळायचं ते याच्या पलंगावर. हा उन्हाळ्यात राहायला आला, पानगळ सुरू झाली आणि पहिल्याच सरीला उशी भिजली.

"मी मावशींना सांगायला आलो होतो खरं तर. दोनदा दार वाजवलं."

"मावशी हॉस्पिटलात आहे." ठकीचं हसू मावळलं. "बागेत पडली. खुबा मोडला."

 त्यानं दोरीवरचे पडदे काढले, घडी करून काखेत मारले आणि म्हणाला, "हे मी धुऊन देतो. आमची घाण, आम्हीच काढायची."

संध्याकाळी पडदे आले. स्वच्छ, इस्त्री केलेले. फक्त एक पडदा दुसऱ्यापेक्षा वीतभर आखूड!

"पाणी जरा... जास्तच गरम होतं," चष्मेवाला मान खाली घालून म्हणाला.

ठकीनं ते दोन्ही तसेच खिडकीला लावले. आखूड पडद्याखालच्या फटीतून बुटकं कुंपण दिसायचं, आणि कुंपणापलीकडे त्याचं अंगण.

मावशी पडली त्याला कारण सफरचंदं. झाड लगडून यायचं, खाली फळांचा सडा पडायचा, तो कुजायचा, त्यावर गांधीलमाशा घोंघावायच्या. काका होते तोवर ते रोज उठून वेचायचे. काका गेले आणि सगळं मावशीच्या एकटीच्या अंगावर पडलं. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही, आणि एका सकाळी कुजक्या फळावरून पाय घसरला.

मग मावशीचा मुलगा, म्हणजे ठकीचा दादा, धावत आला. त्यानं घरावर नजर टाकली. कोंदट खोल्या, बुरशी धरलेलं न्हाणीघर, गुडघाभर गवत. "बास झालं आता," तो म्हणाला. "आईनं माझ्याकडे यायचं. हे घर विकून टाकू. तिला हे आवरत नाही, ठके, डोळ्यांनी दिसतंय ना?" तो वाईट नव्हता. घाबरला होता.

ठकीसुद्धा घाबरली होती, पण वेगळ्याच गोष्टीला. तिची आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. मावशी आली, तिचं दप्तर उचललं आणि म्हणाली, "चल, मला एक मुलगी हवीच होती." बस्स, एवढंच. त्यानंतर आजवर मावशीनं तो विषय काढला नाही की उपकाराची भाषा केली नाही. या घरात ठकी वाढली, रुसली, शिकली. दोन पायांवर धड उभी राहून स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली तीही याच दारातून. हे घर सोडून मावशी एका उंच इमारतीतल्या बंद खोलीत बसली आहे, हे चित्रच तिच्यानं बघवेना.

तलाव नेमका वर्षाच्या सफाईसाठी रिकामा केलेला, म्हणून तिला सुट्टी होती. मावशी घरी यायच्या आत घर आणि बाग असं चकचकीत करायचं की दादाला तोंड उघडायला जागाच राहू नये, असं तिनं ठरवलं. पदर खोचायला पदर नव्हता, म्हणून बाह्या सरसावल्या आणि लागली कामाला.

आणि रोज दुकान बंद झालं की कुंपणावरून आवाज यायचा, "आज काय घाण आहे?"

"न्हाणीघराची मोरी."

"अरे वा! आलोच."

त्यानं मोरी उपसली, त्यातून केसांचा गुंता निघाला तर त्याला घेरीच यायची बाकी होती. त्यानं माळा झाडला आणि शिंका देऊन देऊन डोळे लाल केले. कपाटामागे उंदराचं रिकामं घरटं सापडलं, तेव्हा तो खुर्चीवर चढला आणि ठकीनं ते उचललं. सफरचंदं वेचताना तिनं बादली धरली, त्यानं गांधीलमाशांना विनवलं, "बायांनो, थोडं सरका हो." चांगली फळं तिनं उकडून त्यांचा जाम केला. सगळ्या घरात गोड वास भरला आणि पातेल्याचं बूड करपलं. ते घासायला तोच बसला.

"तुम्हाला घरी काही काम नसतं का हो?" एकदा तिनं विचारलंच.

"असतं ना. पण घरी कुणी ओरडत नाही. करमत नाही."

"मग आणा की एखादी ओरडणारी."

"शोध चालू आहे," तो पातेल्याकडे बघत म्हणाला. "आवाज तर सापडलाय. बाकीचं... बघू."

ठकीनं पटकन पाठ फिरवली आणि उगाचच एक स्वच्छ बरणी पुन्हा धुवायला घेतली. कान तापले होते. बरं झालं, चष्मेवाल्याच्या काचांवर वाफ धरली होती.

शेवटी राहिला स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा वाफा. त्यात वाळकं गवत, काटेरी झुडपं, कुठल्याशा रोपांची पिवळी पडलेली पाती. बघवत नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून भुरभुर पाऊस होता. दोघं गुडघे टेकून चिखलात बसली. ठकी कुदळ घालायची, तो हातानं मुळं ओढून काढायचा. चष्म्यावर थेंब पडून काही दिसेना, तसा त्यानं चष्मा काढून खिशात घातला.

"हे काय आहे हो?" ठकीनं एक तपकिरी, साल सुटलेला गड्डा वर धरला. मातीत असे खूप होते.

त्यानं डोळे बारीक करून, नाकाजवळ नेऊन पाहिलं. "कांदे. मावशींनी लावले असतील, राहून गेले. कुजलेत आता."

"पण वास तर येत नाहीये..."

"जुने आहेत. टाकू का?"

ठकीला पाण्यातलं सगळं कळत होतं, मातीतलं काही म्हणजे काही नाही. आणि याला धड दिसायला चष्मा लागत होता. तो खिशात होता. "टाका," ती म्हणाली. त्यानं एकचाकी गाडा भरभरून माती, मुळं आणि कांदे कुंपणापलीकडे आपल्या अंगणात नेऊन ओतले. तिथे पाचोळ्याचा मोठा ढीग होता, आणि फाटकापासून दारापर्यंत पाण्यानं वाहून गेलेली वाट होती, तिचे खड्डे त्याला बुजवायचेच होते.

वाफा स्वच्छ झाला. काळी, मऊ, सारखी केलेली माती. दोघांनी भिजलेल्या हातांनी एकमेकांना टाळी दिली. टाळी देऊन झाल्यावरही हात तसेच राहिले... क्षणभर, थोडे जास्तच.

"हात गार पडलेत तुमचे," तो म्हणाला.

"सोडा मग."

"सोडतो." पण सोडला तो तिनं चहा टाकते म्हटल्यावरच.

दुसऱ्या दिवशी ठकी हॉस्पिटलात गेली ती नाचतच. मावशी उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण डोळे तेच.

"मावशी, घर ओळखू यायचं नाही तुला! दादा बघतच राहील."

मावशीनं तिचा हात हातात घेतला. त्यावर ओरखडे होते, नखात माती होती. ती बराच वेळ त्या हातावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "ठके, मी तुझ्या दादाला सांगितलंय, वसंत येईपर्यंत मला माझ्या घरात राहू दे. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तुझ्या काकांनी पिवळ्या फुलांचे कंद लावलेत. जायच्या आधीच्या पानगळीत, वाकवत नव्हतं तरी वाकून. त्यांच्या हातचं शेवटचं काम ते. ती फुलं यंदाही आली, तर मी समजेन मला तिथे राहायचंय. नाही आली, तर जाईन बापडी मुलाकडे, कुरकुर न करता."

ठकीनं आपल्या नखांतल्या मातीकडे पाहिलं.

"कंद... कसे असतात गं मावशी?"

"कसे म्हणजे? कांद्यासारखे."

बस चुकली तर चुकली, ठकी पळतच घरी आली. चष्मेवाला दुकानातून यायच्या वेळी ती त्याच्या अंगणात, पाचोळ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसली होती आणि मुसमुसून रडत होती. पाऊस परत सुरू झाला होता.

"काय झालं? अहो, काय झालं?"

"कांदे नव्हते ते! काकांची फुलं होती! माझ्या मावशीची... आणि आपण फेकून दिली!"

 त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली, चष्मा स्वच्छ पुसला, कानामागे घट्ट बसवला आणि तिच्या शेजारी गुडघे टेकले.

त्यांनी ढीग उपसला. मूठ मूठ माती बोटांमधून गाळली. एकेक कंद निघाला की ठकी तो ओढणीनं पुसून बादलीत ठेवायची. काही कुदळीनं चिरले होते, काही हरवलेच होते. किती होते हेच माहीत नाही, तर किती राहिले हे कुठून कळणार? वाटेच्या खड्ड्यांत टाकलेली माती तर त्यानं सकाळीच वर दगड घालून, पायानं दाबून घट्ट केली होती. ती उकरायची म्हणजे अख्खी वाट उकरायची. अंधार पडत आला तशी ठकीच म्हणाली, "राहू दे. मिळाले तेवढे लावू."

लावताना नवी पंचाईत! वरची बाजू कोणती नि खालची कोणती? चष्मेवाल्यानं दुकानातलं भिंग आणलं, एकेक कंद डोळ्याला लावून पाहिला. "हे बघ, इकडे बारीक मुळं आहेत. हे खाली." बोलता बोलता तो तिला 'तू' म्हणाला होता, आणि हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"मावशींना सांगायलाच हवं का?" शेवटचा कंद पुरल्यावर त्यानं हळूच विचारलं. "येतीलही ना. आली तर प्रश्नच नाही."

"मी मावशीशी कधी खोटं बोलले नाही. आणि न सांगणं म्हणजे..." ठकीचा आवाज, तो तलावाच्या पार जाणारा आवाज, अगदी बारीक झाला होता. "तिनं माझ्याकडे कधीच काही मागितलं नाही रे. एवढी फुलं सोडून."

मावशी घरी आली ती चालताना आधाराला धरायची चौकट पुढे सरकवत, दादा मागोमाग. घर लख्ख होतं. दादानं न्हाणीघर पाहिलं, माळा पाहिला, आणि ठकीच्या डोक्यावर टपली मारली. मावशी सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. काळा भुईसपाट वाफा बघून तिचे ओठ हलले.

ठकीनं सांगून टाकलं. सगळं, एका दमात. चष्मेवाला दाराशी उभा होता, पायातल्या चपला काढू की नको या विचारात. तो पुढे आला. "फेकले मी. त्यांची चूक नाही. मी चष्मा काढला होता."

  मावशीनं वाफ्याकडे बघतच विचारलं, "परत कुणी लावले?"

"आम्ही दोघांनी," ठकी म्हणाली. "पावसात."

"आणि तुला वाटलं, मी रागावेन?" मावशीचे डोळे भरून आले होते. "अगं वेडे, तुझ्या काकांनी पहिल्या वर्षी सगळे उलटे लावले होते! हिरवं काही दिसेना तेव्हा आम्ही रोज भांडायचो. येतील तेव्हा येतील. तू माझ्यासाठी चिखलात बसलीस, आणि सांगितलंस. माझं घर माझ्या हातात परत दिलंस. अजून काय हवं मला?" मग चष्मेवाल्याकडे वळून, "आणि तू रे! चपला काढ नाहीतर घाल, पण दारात डुगडुगू नकोस. चहा पिणार का?"

हिवाळा आला. ठकीचा तलाव सुरू झाला, पण ती आता मावशीकडेच राहत होती. चष्मेवाला रोज यायचा. मावशीला जिन्यावर चढउतार करवायचा, तिच्या चष्म्याचा नंबर तपासायचा, बल्ब बदलायचा. पन्हळ दोन्ही बाजूंची साफ करायचा, आणि दर वेळी शिडीवर चढण्याआधी ओरडून विचारायचा, "पडदे आत आहेत ना?"

एका संध्याकाळी कुंपणाशी दोघं उभी होती. थंडीनं बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"तू हल्ली गप्प गप्प असतोस," ठकी म्हणाली.

"एक बोलायचंय. पण ती फुलं आल्याशिवाय नाही बोलणार."

"काय नाही बोलणार?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"ठके..." तो हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "नाही आली फुलं, तर मावशी जातील. तू जाशील. आणि मी आठवलो की तुला आठवेल, यानंच फेकली. मग कुठल्या तोंडानं बोलू?"

ठकीला म्हणावंसं वाटलं, बोल रे वेड्या, आत्ताच बोल. पण तिनं त्याच्या मफलरचं सुटलेलं टोक नुसतं नीट केलं. तिलाही भीती वाटत होतीच.

मग दिवस लांबले. खिडकीखाली हिरवी टोकं दिसायला लागली. ठकी रोज उठून आधी तिथे जायची. पाती वाढली, आणि कळ्या... मोजक्याच. इथे एक, तिथे एक, मधे नुसती माती. काकांनी भरगच्च लावलेल्या वाफ्यात जेमतेम ओंजळभर फुलं फुलली. ठकी खिडकीशी उभी राहून बघत राहिली. तिला वाटलं, संपलं. दादा रविवारी येणार होता.

"मावशी... आली, पण थोडीच गं."

मावशी चौकट सरकवत आली. तिनं वाफ्याकडे पाहिलं. मग जरा वाकली, आखूड पडद्याखालच्या फटीतून पलीकडे बघायला लागली, आणि बघतच राहिली.

"ठके. इकडे ये. तिकडे बघ."

कुंपणापलीकडे, कुंपणाला लागूनच, फाटकापासून दारापर्यंत, वाटेच्या दोन्ही कडांनी, दगडांच्या फटीफटीतून पिवळी फुलं उभी होती. गर्दी करून, एकमेकांना रेटत! कालपर्यंत नुसती पाती होती तिथे. चष्मेवाल्यालाच काय, ठकीलाही ते गवतच वाटलं होतं. आणि त्या पिवळ्या वाटेच्या मधोमध, एक पाय उचलून, पुढे कुठे टेकवू हे न कळून, दुकानात निघालेला चष्मेवाला बगळ्यासारखा उभा होता.

मावशी हसत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "त्यांच्या हातची फुलं गं... सगळी आली. बघ, तिकडची माती किती मानवलीये त्यांना." मग पदराला डोळे पुसत, ठकीकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुलाही मानवेल."

"मावशी!"

"मावशी काय? मी कुठे जात नाहीये आता. दादाला म्हणावं, ये, फुलं बघून जा. आणि तू जरा त्या पोराला सांग, पाय खाली टेकव. पडेल."

ठकी अनवाणीच धावली. कुंपणाशी येऊन थांबली. तो तसाच एका पायावर.

"ठके, आली," तो म्हणाला.  "माझ्याकडे आली."

"दिसतंय. आता बोलणार होतास ना?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग इतक्या हळू आवाजात काहीतरी म्हणाला, की ते फक्त कुंपणाच्या या बाजूला, ठकीच्या कानापर्यंतच पोचलं.

उत्तर मात्र तसं नव्हतं. "हो!" ठकी म्हणाली, आणि तो 'हो' त्या तलावावरच्या आवाजातला होता. समोरच्या घराची खिडकी उघडली, छपरावरची पाखरं उडाली. बरं झालं, या वेळी तो शिडीवर नव्हता. तरी तोल गेलाच त्याचा, आणि तो सावरायला त्यानं जो हात पुढे केला, तो ठकीनं धरला.

"ऐकलं गं बाई, ऐकलं!" आतून मावशी ओरडली. "आता दोघं आत या. आणि पाय पुसून या, फरशी आत्ताच पुसलीये!"